बेचाळीस ठोके

फॉर्मवर मी 'परदेशात शिकलेली'.
परदेश म्हणजे राजारामपुरी,
जिन्याखालची ईसीजीची खोली,
अकरा वर्षं.

रात्रपाळी उरकून सरावाचे प्रश्न सोडवते.
ठोके बेचाळीस. चक्कर नाही. पुढे काय?
पर्याय चार.

गंगावेशीतला धोंडिबा पैलवान आठवतो.
छातीला तांबडी माती, रबरी फुगे चिकटेनात,
पुसता पुसता माझा कापूस संपला.
कागदावर बेचाळीस.
नवे डॉक्टर दचकले.
मी म्हटलं, सर, तालमीतला आहे.
तोवर हा उठून बसलेला :
"ताई, कट्ट्यावर म्हशी आल्या असत्याल, जाऊ का?"

आईच्या पाटल्या मोडून फी भरली.
टोरांटोच्या छात्या कशा असतील,
कुणास ठाऊक.

'क' : फक्त लक्ष ठेवा.
खूण करते.
अजून एकोणसत्तर.
नखांत माती नाही,
तरी हात धुऊन येते.