वाट वाकडी करून

मीठ, मिरी, साखर आणि बाबांच्या गोळ्यांचा डबा
असे चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून
आईने टेबलभर नकाशा अंथरलाय.
घडीवर वायोमिंग फाटलंय,
मागून चिकटपट्टी लावलेली.

नेब्रास्कातल्या विल्बरपासून
सॅक्रामेंटोला लिओडामावशीच्या दारापर्यंत
दीड हजारावर थोडे मैल.
चार राज्यं ओलांडायची, पाचव्यात शिरायचं.

"दोन दिवसांत पोचू," बाबा म्हणतात.
"नुसतं पोचायचं तर विमानं आहेत, ऑर्व्हल."

बाबांनी एकतीस वर्षं अठरा चाकं हाकली या रस्त्यावर.
डिझेल कुठे दोन सेंटांनी उतरतं,
वजनकाटा कुठल्या वारी झोपलेला असतो,
एल्क माउंटनच्या पायथ्याशी कुठल्या वळणावर
वारा ट्रेलरला खांदा लावतो,
सगळं तोंडपाठ.
गावंही पाठ, पण आरशातली.
मागे पडताना जेवढी दिसली तेवढी.

"मिठाचं मैदान कसं आहे?"
"पांढरं."
"पाय ठेवलायत कधी?"
बाबा अंडं सोलत राहतात.

आई वीजबिलाच्या पाकिटामागे लिहिते.
कर्नीजवळ नदीवर पहाटे क्रौंच उठतात,
तेव्हा मार्चातच निघायचं, आणि आदल्या रात्री लवकर झोपायचं
(याच्याखाली दोन रेघा).
मिठावर अनवाणी.
एल्कोला बास्क मेंढपाळांच्या जुन्या खानावळीत
लांबलचक टेबलाशी, अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून जेवण.
आणि दर दीड तासाला थांबा, बाबांच्या गुडघ्यासाठी.
"गुडघ्यासाठी नाही," बाबा म्हणतात,
"नाव घेऊ नकोस, पण गुडघ्यासाठी नाही."
आम्ही तिघं हसतो.
मी कोलाचे किती करायचे ते विचारते.
खसखशीचे दोन डझन, जर्दाळूचे एक.
लिओडामावशीला खसखस दातात अडकते,
पण तिच्यापर्यंत उरणारच नाहीत.

मग बाबा हात पुढे करतात. पेन्सिल मागतात.
फाटलेल्या वायोमिंगवर, रॉलिन्सच्या थोडं पुढे,
चिकटपट्टीवर शिसं उमटत नाही म्हणून दाबून दाबून
एक बारकं वर्तुळ.

वॉम्सटर.

"काय आहे तिथे?"
"काही नाही."
"मग?"
"पंपाच्या भिंतीला फोन होता.
आता काढला असेल."

फेब्रुवारी. बर्फाने रस्ता बंद,
फाटकं पाडलेली, ट्रकांची रांग क्षितिजापर्यंत.
हे मला माहीत होतं. माझ्या जन्माची गोष्ट
या घरात एवढीच सांगितली जाते:
तुझे बाबा रस्त्यावर होते.
ती कुणी कुठल्या आवाजात सांगायची, तेही ठरलेलं.

"नर्सने फोन पाळण्याशी धरला," बाबा म्हणतात.
"खिशातली नाणी संपेपर्यंत ऐकलं.
मग मागच्या ट्रकवाल्याने मूठभर दिली.
नाव नाही विचारलं त्याचं."

माझ्याकडे ते बघत नाहीत. नकाशाकडे बघतात.
अडतीस वर्षांत मी काय काय ऐकवलं त्यांना,
आणि हे त्यांनी एकदाही पुढे केलं नाही.

फ्रिज घुरघुरतो.
आई पाकीट उलटं करते, जागा शोधते,
वीजमंडळाच्या पत्त्याखाली लिहिते: वॉम्सटर.
"किती वेळ धरू?"
"पाच मिनिटं पुरे. बघण्यासारखं नाहीच काही."
आई अर्धा तास लिहिते.
क्रौंचांना तिने वीस मिनिटं दिली होती.

बाबा अंड्यासाठी मीठ उचलतात.
नकाशाचा मोकळा कोपरा सावकाश गुंडाळत येतो,
मावशीचं घर, सॅक्रामेंटो, अख्खा कॅलिफोर्निया
त्या सुरळीत जातो.
टेबलाशी बसलेलं कुणी
तो सरळ करत नाही.