एक जोड

घरात तीन बाप्ये आणि वहाणांचा एकच जोड.
रंभाजीनं विचारलं होतं, "माप कुणाच्या पायाचं?"
आजोबा म्हणाले, "घराच्या."
वडलांना तो आखूड, टाच मागं लोंबायची.
सावळीरामकाकाला ढगळ,
अंगठ्यात चिंधी कोंबून चालायचा.

ज्याचं नाशकात काम, त्याच्या त्या.
त्याही काखेत मारून कादवा ओलांडायची,
आडगाव नाका दिसला की तळवे झटकायचे, घालायच्या.
परतताना नाक्यापाशी पुन्हा काखेत.
पायाला कातडं फुकट उगवतं, आजोबा म्हणायचे.

रात्री त्या दाराबाहेर.
उलटी पडली की आई धावत सुलटी करायची, भांडण लागतं.
एकीवर एक चढली की विचारायची, कोण निघालं?
कुणीच निघालेलं नसायचं,
तरी ती भाकरी एक जास्त थापायची.
शनिवारी कातडं घरात आणायचं नाही.
काकाला फेफरं आलं की तीच वहाण त्याच्या नाकाशी,
आणि शुद्धीवर येऊन तो पहिलं विचारायचा,
"आज कुणाची पाळी?"

काका माघात गेला. हरभऱ्याला पाणी देताना,
पाटाच्या कडेला.

दहाव्याला मेलेल्याच्या नावानं वहाणा द्यायच्या असतात.
तिकडची वाट तापल्या वाळूची आहे म्हणतात.
घरचा जोड चालत नाही, नवाच लागतो.
रंभाजी म्हणाला, "माप?"
कुणालाच सांगता येईना.

मग वडील मला घेऊन शेतात गेले.
चिखल वाळला होता. त्यात त्याची पावलं,
हरभऱ्याकडे तोंड करून.
वडलांनी ज्वारीचं धाट पावलात उभं निजवलं,
नखानं खूण केली, मोडलं.
एवढंसं.
ते त्यांनी टोपीत ठेवलं.

गोदावरीवर गुरुजी घाई करत होते, मागं रांग.
वडलांनी जोड उचलला,
तांबडा, करकरीत, तेलाच्या वासाचा,
आणि द्यायच्या आधी तोंडाशी नेऊन
डाव्या वहाणेचा पट्टा कचकन चावले.
मग उजव्या.
"अहो, हे काय?"
"नवी वहाण चावती," वडील म्हणाले,
"आधी आपण तिला चावावं लागतं. त्याला ठाऊक नाही.
घरचा जोड नवा होता तेव्हा
पाळी माझी होती."

रांगेतलं कुणीतरी हसलं.
परतताना आडगाव नाका आला, मागं पडला.
वडील वहाणा काढायचं विसरले.