खायचे दात

लोअर हटमध्ये सतरा वर्षं मी कवळ्या केल्या.
म्हाताऱ्यांच्या, मेंढ्या कातरणाऱ्यांच्या,
एका धर्मगुरूची केली, ती त्याने
फेरीबोटीच्या कठड्यावरून ओकताना समुद्राला दिली.
मग दवाखाना विकला गेला
आणि फोन आला. ऑर्क आहेत. दोनशे चाळीस.
दातांचं काम येतं ना?

येतं म्हटलं.

प्रत्येकाच्या जबड्याचा ठसा घ्यावा लागतो.
राक्षसाचे दात हवेत बसत नाहीत,
त्यांना माणसाचीच हिरडी लागते.
गुलाबी लगदा, तीन मिनिटं, नाकाने श्वास घ्या.
रांगेत बंदरावरची पोरं होती,
रग्बीत गुडघा गेलेले, पोरिरुआचे दोन सख्खे भाऊ,
रात्रपाळी संपवून तसाच आलेला एक बेकर,
केसांत पीठ.
भरतीच्या कागदावर लिहिलं होतं: उंच, रुंद,
सावळे असल्यास उत्तम.
एल्फ पलीकडच्या तंबूत. त्यांचा ठसा घेत नाहीत.
त्यांना स्वतःचेच दात चालतात.

दिग्दर्शकाचा माणूस नमुना उजेडात धरायचा.
अजून वाकडे, म्हणायचा. मी वाकडे केले.
अजून घाण. मी कॉफीचा चोथा उकळून चोपडला.
अजून, म्हणाला, अजून...
आणि शब्द सापडेना म्हणून त्याने स्वतःचे विचकले.
फार सुंदर होते त्याचे.

इहायाच्या पुढच्या दोन दातांत फट होती.
आईची आहे, म्हणाला, ती बुजवू नका.
पहाटे तीनला तो खुर्चीत बसायचा,
साडेसातपर्यंत चेहरा चढायचा,
ओठ मिटायचे नाहीत, सूप नळीने प्यायचा.
युद्ध होतं दगडाच्या खाणीत.
एका आठवड्यात तो अकरा वेळा मेला.
दोनदा कड्यावरून, एकदा घोड्याखाली, चौकटीच्या अगदी कोपऱ्यात.
मंगळवारी तर शिरस्त्राण बदलून आला
आणि आपण सकाळी पडलो होतो त्या जागेवरून
ओरडत धावत गेला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत
दात रुमालात काढून ठेवले आणि म्हणाला,
एवढं सैन्य. हे खातात काय?
माणसं, बहुतेक.
रोज? आणि रांधतं कोण?
मला हसू आलं. त्याला नाही.
म्हणजे, यातला एखादा लहान असेल ना कधी.
त्याला कोणी घास भरवला?

घरी येऊन मी पटकथा काढली.
एकशे अठरा पानं. ऑर्कच्या वाट्याला चार संवाद.
तीन वेळा 'मारा',
चौथा नुसताच घशातला आवाज.

दाखवायचे दात मी दोनशे चाळीस जोड केले होते.
खायचे एकही नाही.

त्या रात्री इहायाचा जोड शिकंजात धरला,
खालची डावी दाढ, सगळ्यात मागची,
तिला बारीक भोक पाडलं
आणि जुन्या दवाखान्यातली उरलेली चांदी भरली.
घासून गुळगुळीत केली, जीभ लागू नये म्हणून.

म्हणजे त्या काळ्या डोंगराच्या पलीकडे
कोणाची तरी दाढ ठणकली होती.
कोणीतरी दिवा धरला.
कोणीतरी म्हणालं, आ कर, मोठा आ,
आणि नेहमीचं खोटं सांगितलं की दुखणार नाही.

पडद्यावर ती दिसणार नाही, हे मला माहीत होतं.
बाण त्याआधीच लागतो.

पण दृश्यांची संगती जुळवणारी ब्रायनी,
जिच्या नजरेतून सुटलेलं बटण नाही,
तिने फोटो मोठा करून माझ्यापुढे ठेवला.
यांच्यात डेंटिस्ट असतात?
असावेत, म्हटलं.
ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली.
मग पेन्सिल थुंकीने ओली करून तिने वहीत लिहिलं:
खालची डावी दाढ, चांदी.
पुढच्या मरणातही असावी.