टायू

मनामाच्या जुन्या बाजारामागे, घड्याळजीच्या वरच्या मजल्यावर
मी दात करतो. बावीस वर्षं झाली.
आधी मेणात बसवायचे, तोंडात घालून बघायचे,
आणि समोरच्याला म्हणायचं, बोला.
आरसा नंतर. दात कुठे चुकलाय
ते आधी कानाला कळतं.

'स'बरोबर शिट्टी वाजली तर पुढचे दोन जरा सरकवायचे.
'समच' म्हणायला लावतो मी, म्हणजे मासा.
पुस्तकात तो 'समक' आहे,
पण पुस्तकं कुठे मासे खातात?
'गहवा'तल्या 'ग'च्या जागी कागदावर
एक खोल, पडजिभेजवळचा 'क' असतो,
तो इथे कुणी कॉफीत घालत नाही.
आणि 'ऐन' मी तपासतच नाही.
तो दातांच्या हद्दीबाहेरचा, पार खालचा,
विहिरीत पोहरा बुडतो तेव्हाचा आवाज.
माझी कानस तिथवर पोचत नाही.

माझं नाव प्रल्हाद. यांच्याकडे 'प' नाही.
सगळ्यांचा मी ब्रल्हाद. चालतं.

पुलापलीकडून, मुहर्रकहून, बू राशिद यायचा.
त्याच्या तोंडात 'ज' ठरायचाच नाही, विरघळून 'य' व्हायचा.
कोंबडी 'दियाय'. माणूस 'रय्याल'.
मला आतल्या आत काहीतरी ओळखीचं टोचायचं.
मी कानस हातात घ्यायचो नि कामाला लागायचो.

मग सित्र्याची हज्जा खातून आली.
मेणाचे दात घातले, म्हटलं, मोजा.
वाहिद, म्हणाली. इफनेन. फलाफा.

तीन म्हणजे 'थलाथा'. आपला 'थ' नव्हे, त्यांचा,
जीभ दातांमधून डोकावते तो.
आणि हिचा ओठच उठून दातांना भिडतोय.
म्हणजे वरचे दात लांब झाले.
दिवा पेटवला, मेण मऊ केलं,
केसभर वर घेतले.
फलाफा.
अजून केसभर.
लसणाला काय म्हणता? 'थूम' म्हणा.
फूम, म्हणाली, आणि लसूण सोलावा
तशी माझ्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या खेपेला तिनं दात काढले,
वाटीत ठेवले,
आणि बोळक्या तोंडानं, ओठ नुसत्या हिरडीला टेकवून,
म्हणाली, फ-ला-फा.
"दात तू केलेस, ब्रल्हाद. हे माझ्या आईनं केलंय.
आमच्या गावात लसूण असाच पिकतो."

वाटीतले दात बघत मी उभा.
केवढे आखूड करून ठेवले होते.

पुण्यात, पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा.
सरांनी साचा उलटा धरला, बोट आत घातलं, हे काय?
मी म्हणालो, टायू.
वर्ग फुटला. सर हसले नाहीत, त्यांनी
मायेनं शिकवलं, तेच जास्त लागलं.
जीभ मागे वळव. वर लाव. कुठे? टाळूला.
पुन्हा. टाळूला.
रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर एकटाच
डोया डोळा, केय केळ, काया काळा,
अकोटचा एकेक 'य' घासत बसलो.
गुळगुळीत झाला. कुणाला पत्ता लागेना
मी कुठला.
मलाही, काही दिवसांनी.

हज्जेचे दात पहिल्या मापाला परत आणले.
आता ती त्यांनी बदाम फोडते म्हणे, खरंखोटं तीच जाणे.

दुकान बंद करून जिन्यात बसलो होतो.
आईचा फोन. ऐकू कमी येतं तिला, म्हणून ओरडते,
"पोयी खाल्ली काय बाप्पा?"

खाली घड्याळजी शटर ओढत होता.
जीभ सवयीनं मागे वळायला निघाली,
टायूपाशी थांबली.

"खाल्ली," म्हणालो. "गुयासंगं."