बिजागरी

चौदा वर्षं मी बंदुका केल्या.
ओसाकात, अकराव्या मजल्यावर,
खिडकीकडे पाठ करून.
काडतूस किती उंच उडावं,
धूर नळीच्या तोंडाशी किती घोटाळावा,
मॅगझिन बसल्याचा खट्ट किती जाड हवा,
झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

मग एका सोमवारी इसोगाइ-सान आले,
डोळे तांबारलेले, मुठीत पेन ड्राइव्ह.
म्हणाले, दिवे मालवा.

एक घर. तेल संपत आलेला कंदील.
भिंतींवर एकच चित्र पुन्हा पुन्हा चिकटवलेलं,
आणि खेळणाऱ्याला हातच नाहीत.
स्वीडनच्या पार उत्तरेला, लुलेओत,
टूवा एंगमान आणि तिची मावसबहीण,
दोघींनी स्वयंपाकघरात बसून केलेला खेळ.
जन्मभर मुडदे पाडायची सोय करणारा मी
विसाव्या मिनिटाला टेबलाखाली.
चिहाया हसली नाही.
ती आधीच तिथं होती.

बोट सवयीनं चाप शोधत होतं.
चाप नव्हता. दार होतं.
माउसनं धरून ओढायचं,
ओढाल तेवढंच उघडणार,
आणि उघडण्याआधी
ते श्वासभर
अडायचं.

पुढच्या बैठकीत ठरलं, या वेळी बंदूक नाही.
चाळीस माणसं गप्प,
भिंतीवर खर्चाचा तक्ता उजळत राहिला.
'कुवाबारा, तुम्ही दार करा.'

सात महिने मी एक दार केलं.
डोंगरातल्या एका बंद पडलेल्या शाळेत जाऊन
बिजागऱ्यांचे दोनशे बारा आवाज टिपले,
शिपाई म्हणाला, तेल देऊ का?
गंजाला एक माणूस, लाकडाच्या रेषांना एक,
अंधाराला तिघं.
अंधारसुद्धा आता महाग पडत होता.
ते अडणं मात्र जसंच्या तसं उचललं,
स्टॉपवॉच लावून:
एक पूर्णांक चार दशांश सेकंद.

खेळ तुफान चालला. लोक किंचाळले,
किंचाळतानाचे आपलेच व्हिडिओ करून दाखवू लागले.
शेवटी नावं सरकतात नऊ मिनिटं,
त्यांत आमचे डबे आणणाऱ्या बाईंचंही आहे.
टूवाचं नाही.

मी तिला पत्र लिहिलं. शब्दकोश उघडा ठेवून, इंग्रजीत.
माफी मागायची होती, ती काही जमेना,
म्हणून विचारलं, तो थांबा तुम्हाला सुचला कसा?

तीन आठवड्यांनी उत्तर:
सुचला नाही. लॅपटॉप जुना होता,
पुढची खोली तयार व्हायला तेवढा वेळ लागायचा.
हात काढता येईनात, म्हणून हात नाहीत.
भूत एकच जमलं, तेही बटाट्यासारखं,
म्हणून अंधार.
तुमचा खेळ घेतला. पूर्ण किंमत मोजून.
दार छान झालंय.
आमचा लॅपटॉप अगदी असाच अडायचा.

ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही.
इसोगाइ-सानना तर नाहीच,
ते त्या थांब्यावर परिषदेत पाऊण तास बोलले होते.

रात्री उशिरा घरी आलो, चावी फिरवली.
आतून भाताचा वास, टीव्हीचा आवाज.
भिण्यासारखं काही नव्हतं.
तरी मुठीवर हात ठेवून जरा थांबलो,
पलीकडची खोली
तयार होईपर्यंत.