ब्याडा

"नको" म्हटलं तर मी मनधरणी करतो
हे रेणूला कळलंय.
म्हणून मला ती "ब्याडा" म्हणते,
शेजारच्या निंगव्वाकडून उचललेलं.
त्याच्यापुढे बोलायला जागाच नाही.
निंगव्वाला मात्र "नको".

अडीच वर्षांची. घाई कशाचीच नाही.
वडगावच्या गल्लीत पोरं फुग्यामागं पळतात,
ही उंबऱ्यावर बसून
कुंद्याच्या रिकाम्या डब्याचं झाकण
लावते, काढते, लावते.
दिवाळीत नुसते चमचे होते.
आता कडी, बिजागरी, निंगव्वाच्या अडकित्त्याचा खिळा,
जे हलतं आणि परत जागेवर येतं ते सगळं.

माग चालू असला की गाढ झोपते.
वीज गेली की उठून बसते:
"बाबा, थांबलं."
येईल गं, म्हणतो मी.
ती अंधाराकडे कान लावून,
जणू तिलाच तो चालू करायचाय.

माझ्यावर गेली नाही. आईवरही नाही.

काल धोट्यातली रिकामी कांडी मागितली. दिली.
दिवसभर मुठीत, जेवताना डाव्या हातात.
झोपल्यावर हळूच काढायला गेलो,
तर डोळे न उघडताच म्हणाली,
"नको."

मनधरणीला वाव होता.
मी दिवा मालवला.