अंदाज

चाळीस वर्षं टूरलाइफनं फेरीबोट
धक्क्याला लावली, वीतभर अंतरावरून,
नुसत्या नजरेच्या मापानं.
आता केटलीची धार
कपाशेजारी पडते, टेबलक्लॉथवर.

उजव्या डोळ्यात मधोमध डाग.
डावा धड आहे, पण
उजवा गप्प बसत नाही;
डाव्यानं धरलेल्या ओळीवर
आपलं धुकं ओततो.
बोडोच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मेंदू दोघांचंही ऐकतो.
कधीकधी चुकीच्याचं.

म्हणून रागनहिल्डचा चेहरा बघायचा तर
तो उजवा मिटून घेतो.
"डोळा मारतोस? या वयात?"
ती त्याचं बोट
कपाच्या काठावर नेऊन ठेवते.
"ओत आता."

बाहेर पाचची बोट
धक्क्यावर धाडकन आदळते.
"नवा पोरगा दिसतोय,"
ओतता ओतता तो म्हणतो.